काटा पुढे का सरकतो: जुन्या डिझेल गाडीच्या तापण्याच्या नोंदी

गाडी १९९० च्या दशकातली. १.९ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, इंजेक्शन इनडायरेक्ट, रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक. चाललीये २ लाख ३८ हजार किलोमीटर. कोणाची अशीच गाडी अशीच तापत असेल तर त्याचे काही शनिवार-रविवार वाचावेत म्हणून या नोंदी. चुका काढून टाकलेल्या नाहीत, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला.

४ फेब्रुवारी

गेले दोन आठवडे इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडतोय. एरवी बरोबर मधोमध असायचा. आता लांब चढावर पाऊण भागापर्यंत जातो, उतार लागला की खाली येतो. सिग्नलला कितीही वेळ उभं राहिलो तरी जागचा हलत नाही. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी ठीक. खाली गळती नाही, मागे पांढरा धूरही नाही.

खरं तर इथेच थांबून विचार करायला हवा होता. उभं असलेलं डिझेल इंजिन फारच थोडं इंधन जाळतं, त्यामुळे त्याची उष्णताही थोडीच असते. पंखा बंद पडला तरी ते उभ्या उभ्या पेट्रोल इंजिनाइतकं चटकन तापत नाही. भार आला की तापतं आणि उभं असताना तापत नाही, याचा अर्थ पंख्याकडे बघण्यात वेळ घालवू नये. हवा, पाण्याचा प्रवाह किंवा हेड (सिलिंडरांवरचं झाकण), यांतच काहीतरी आहे. एवढं मला ठाऊक होतं. तरीही मनात एकच आलं: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडचा रस्ता उघडून देणारा वॉल्व्ह. स्वस्त असतो, बदलायला सोपा असतो, आणि काहीतरी केल्याचं समाधान लगेच मिळतं.

५ फेब्रुवारी

थर्मोस्टॅट बदलला. या इंजिनात तो रेडिएटरच्या वरच्या होजपाशी (रबरी नळीपाशी) नसतो. खाली वॉटर पंपाच्या तोंडाशी, दोन बोल्टच्या झाकणाआड असतो. कूलंट काढणं, झाकण उघडणं, जुन्या ओ-रिंगचे तुकडे खरवडणं, परत भरणं यात सव्वादोन तास गेले. त्यातला पाऊण तास आतल्या बाजूच्या बोल्टला पाना बसवण्यात.

मूळ कंपनीचा मिळत होता, पण दुसऱ्या बनावटीचा निम्म्याहून कमी किमतीत मिळाला, तो घेतला. दोन्हींवर ८७ अंशांचा शिक्का. नवा जरा आखूड दिसला, पण जागेवर चपखल बसला. जुना सुट्या भागांच्या खोक्यात टाकला.

८ फेब्रुवारी

आधीपेक्षा वाईट. त्याच चढावर काटा आता लाल पट्टीच्या अलीकडे दोन बोटांवर. हीटर पूर्ण गरमवर सोडून, पंखा जोरात लावून वर पोहोचलो. घामाघूम झालो, पण काटा थोडा उतरला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, अडचणीत उपयोगी पडतो.

पहिला संशय हवेचा. कूलंट भरताना आत हवा अडकली असणार. गाडीचं तोंड चढाकडे करून, हीटरचा वॉल्व्ह उघडा ठेवून, थंड इंजिनावर टाकीचं झाकण काढून वीस मिनिटं इंजिन चालवलं. मधूनमधून वरचा होज हाताने दाबत राहिलो. बुडबुडे आले. ४०० मिली कूलंट आणखी मावलं. वाटलं, सापडलं. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर काटा पुन्हा तिथेच.

११ फेब्रुवारी

ओळखीच्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी होज दाबून बघितला, झाकणाचा वास घेतला आणि म्हणाले, "दादा, हेड गॅस्केट गेलंय बहुतेक. हेड उतरवू या. नाहीतर तूर्तास थर्मोस्टॅटच काढून टाका, गाडी थंड राहील."

दुसरा सल्ला किती महागात पडला असता ते पुढे कळलं. पहिल्याने, म्हणजे हेडखालचं सील गेल्याच्या शंकेने, मात्र रात्रभर झोप उडवली. या जातीच्या इंजिनांत हेड एकदा जास्त तापलं की वॉल्व्हच्या मध्ये चीर जाऊ शकते, म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. पण हेड उतरवण्याआधी तपासायला काय हरकत आहे?

सकाळी थंड इंजिनावर वरचा होज मऊ होता. रात्रभर दाब धरून कडक राहिला असता तर शंका घेतली असती. इंजिन ऑइलच्या डिपस्टिकवर साय नाही, म्हणजे तेलात पाणी मिसळलेलं नाही. कूलंटवर तेलाचा तवंग नाही. मग निळ्या रसायनाची चाचणी केली. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर काचेची नळी बसवायची, तिच्यात निळं रसायन भरायचं आणि टाकीतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने रंग बदलतो.

इथे दोन गोष्टी चुकल्या. टाकी काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे पहिल्याच ओढीला कूलंट नळीत आलं आणि अर्ध्या बाटलीचं रसायन वाया गेलं. आधी पातळी चार बोटं खाली आणायला हवी होती. दुसरी चूक, चाचणी उभ्या गाडीवर केली. डिझेलच्या धुरात हवा भरपूर आणि कार्बन डायऑक्साइड कमी असतो, उभं असताना तर फारच कमी. पेट्रोल गाडीत रंग पिवळा होतो, डिझेलमध्ये बरेचदा हिरव्यावरच थांबतो, आणि गळती बारीक असेल तर निळाच राहायचा. म्हणून संध्याकाळी चढ चढून आलो, झाकणावर जाड फडकं टाकून ते सावकाश, थांबत थांबत सैल केलं आणि लगेच पुन्हा चाचणी घेतली. मनगटावर एक शिंतोडा उडाला, फोड आला. गरम झाकण उघडायची ही पद्धत कोणी माझ्याकडून शिकू नये.

दहा मिनिटं ओढूनही रसायन निळंच. हेड तूर्तास जागेवर राहिलं.

१२ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा एक शहाणपणाचा प्रश्न विचारला: काटा खरं बोलतोय का?

इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे अॅल्युमिनियमचं चकचकीत तोंड आहे, तिथे नेम धरला तर ६१ अंश दाखवलं. होजला हात लावला तर भाजत होता. चकचकीत धातूवर ही यंत्रं फार कमी वाचतात. तिथे काळी चिकटपट्टी लावून पुन्हा मोजलं तर ८९. हा आकडा पटण्यासारखा होता. काटा मात्र तेव्हा मध्यापेक्षा बराच वर होता.

अंधार पडला म्हणून हेडलाइट लावले आणि काटा डोळ्यांदेखत एक रेघ वर सरकला. बंद केले, खाली आला. मग लक्ष गेलं की त्याच्या शेजारचा डिझेलच्या टाकीचा काटाही तसाच सरकतोय. दिव्यांनी टाकीत डिझेल वाढत नाही! दोन्ही काटे एकदम हलले म्हणजे सेन्सरचा दोष नाही, दोघांना सामायिक असलेल्या कशाचा तरी आहे. दिवे लावून डॅशबोर्डच्या अर्थिंगची वायर आणि बॅटरीचा ऋण टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला, तर ०.६ व्होल्ट. तिथे जवळपास शून्य असायला हवं. डॅशबोर्डखाली बॉडीला घट्ट केलेला अर्थिंगचा गोल टर्मिनल हिरवट पडला होता. सँडपेपरने घासला, स्टार वॉशर घालून आवळला. दिवे लावल्यावर आता ०.०३ व्होल्ट. दोन्ही काटे जागच्या जागी.

खर्च काहीच नाही, वेळ चाळीस मिनिटं. काटा थोडा खाली आला, पण दुसऱ्या दिवशी चढावर अजूनही वर चढत होता. थोडं खोटं, थोडं खरं.

१६ फेब्रुवारी

आता काट्यावर भरवसा नाही. दोन टोकांचा डिजिटल थर्मामीटर आणला. एक प्रोब वरच्या होजला, जिथून इंजिनातलं पाणी रेडिएटरमध्ये जातं. दुसरा खालच्या होजला, जिथून थंड होऊन परत येतं. दोन्ही चिकटपट्टीने बांधले, वरून फोमचा तुकडा गुंडाळला म्हणजे हवा लागून खोटं वाचायला नको, आणि वायरी बोनेटच्या फटीतून आत घेतल्या.

ठरवलेला चढ: सहा किलोमीटर, तिसरा गिअर, ताशी ६०. बाहेर ३१ अंश. वर पोहोचताना वरचा होज १०७, खालचा ८३. फरक २४.

१०७ वर काही उकळत नाही. निम्मं अँटिफ्रीझ आणि निम्मं पाणी, त्यावर झाकणाचा दाब, म्हणजे उकळायला बराच अवकाश आहे. पण जास्त आहेच. आणि २४ चा फरक बोलका आहे. दोन्ही टोकं गरम आणि फरक थोडा असता तर म्हटलं असतं, रेडिएटरला हवा मिळत नाही. फरक मोठा म्हणजे पाणी रेडिएटरमधून रेंगाळत जातंय, पुरेसं जातच नाही. मग एकतर पंप ढकलत नाही, नाहीतर रेडिएटर आतून बुजलाय.

इथपर्यंत तर्क बरोबर होता. तिसरी शक्यताही होती, ती सुचली नाही, कारण तो भाग मी नुकताच 'नवा' घातला होता.

२० आणि २१ फेब्रुवारी

पंप. टायमिंग बेल्टही (क्रँक, कॅम आणि इंजेक्शन पंप एका तालात फिरवणारा पट्टा) बदलायला आलाच होता, असं स्वतःला समजावून काम काढलं. दोन दिवसांत मिळून नऊ तास. क्रँक, कॅम आणि इंजेक्शन पंप तिन्ही खुणेवर लॉक केले. बेल्ट बसवल्यावर इंजेक्शन पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची वेळ, डायल गेजने पुन्हा लावलं. गेज मिस्त्रींकडून मागून आणला. ही पायरी गाळू नका. टायमिंग उशिरा पडलं तरी डिझेल तापतंच, म्हणजे आपण एक दोष शोधता शोधता दुसरा घालून बसायचो.

जुना पंप काढून हातात घेतला. पाती लोखंडी, शाबूत, दांड्यावर पक्की. बेअरिंगमध्ये तिळभर खेळ नाही. सीलखालच्या भोकातून एक थेंबही कधी आला नसावा. त्याला फिरवत पायरीवर बराच वेळ बसलो.

चढ: १०७ आणि ८३. एका अंशाचाही फरक नाही. अस्सल थर्मोस्टॅट न घेता जे वाचवले होते, त्याच्या कितीतरी पट पंप आणि बेल्टच्या पेटीत गेले.

२४ फेब्रुवारी

उरला रेडिएटर. उतरवून आडवा ठेवला, वरच्या तोंडातून बादलीभर पाणी ओतलं. जितक्या वेगाने ओतलं तितक्याच वेगाने खालून आलं. आतून बुजलेला नाही. गाळ नाही, चिकट लगदाही नाही.

पण समोरचा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत जे होतं ते बघून थक्क झालो. धूळ, पिसं, गवताचं बी, किड्यांचे पंख आणि तेलाचा ओशटपणा यांचं एक घोंगडंच तयार झालं होतं. खालच्या अर्ध्या भागावर सलग. कोपरा धरून ओढलं तर एक वीतभर तुकडा तसाच सुटून आला, आणि त्याच्या मागच्या बाजूला रेडिएटरच्या पात्यांचे ठसे उमटलेले, इस्त्री केल्यासारखे. बाहेरून, जाळीतून बॅटरी मारून मी हा रेडिएटर दोनदा 'स्वच्छ' म्हणून पास केला होता. दिसत होता तो कंडेन्सर.

फटीच्या कडांना फोमच्या पट्ट्या असायला हव्यात, म्हणजे हवा बाजूने न निसटता रेडिएटरमधूनच जाते. त्या कधीच झिजून गेल्या होत्या. नव्या कापून चिकटवल्या.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेने मारायचं, म्हणजे कचरा जसा आला तसा बाहेर पडतो. मी उत्साहात प्रेशर वॉशर लावला आणि तळहाताएवढ्या भागातली पाती आडवी झोपवली. चिमट्याने एकेक उभी करायला दीड तास लागला. साध्या नळाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे होता.

चढ, बाहेर ३० अंश: वर १०२, खाली ७६. पाच अंश उतरले. म्हणजे मूळ दुखणं हेच असावं. पण फरक आता २६ झाला. रेडिएटर मिळालेलं पाणी छान थंड करतोय. त्याला पुरेसं पाणीच मिळत नाहीये.

पंप नवा. रेडिएटर मोकळा. मग पाणी जातंय कुठे?

२७ फेब्रुवारी

या प्रश्नाचं उत्तर शोधायला बोनेट उघडून एकेका होजवरून बोट फिरवलं. हेडकडून निघून रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाच्या घरात शिरणारा एक आखूड, अंगठ्याएवढा होज आहे. बायपास. इंजिन थंड असताना पाणी यातूनच गोल फिरतं. इंजिन तापल्यावर हा मार्ग बंद व्हायला हवा.

तिसरा प्रोब त्याच्या पंपाकडच्या टोकाला बांधला. चढावर १०१. अगदी हेडमधून निघालेलं ताजं गरम पाणी, आणि वाहतंय.

खात्री करायला दोन लाकडी पट्ट्यांमध्ये तो होज धरून जी-क्लॅम्पने आवळून बंद केला आणि तोच चढ पुन्हा चढलो. वर ९४, खाली ८३.

घरी येऊन खोक्यातला जुना थर्मोस्टॅट काढला, गाडीतला नवा काढला आणि शेजारी शेजारी ठेवले. ५ तारखेला लिहिलेलं 'जरा आखूड' इथे आठवलं. जुन्याला खाली, स्प्रिंगच्या टोकाला, आणखी एक छोटी चकती आहे. नव्याला नाही. थर्मोस्टॅट तापून लांबतो तेव्हा वरची चकती रेडिएटरकडचा रस्ता उघडते आणि त्याच हालचालीत खालची चकती बायपासच्या तोंडावर जाऊन बसते. माझ्या नव्यात पहिलं काम होत होतं, दुसरं कधीच नाही. बरंचसं पाणी रेडिएटर न बघताच हेडकडून पंपाकडे आणि पंपाकडून पुन्हा हेडकडे. सपाट रस्त्यावर उरलेलं पुरतं. चढावर पुरत नाही.

थर्मोस्टॅट पूर्ण काढून टाकला असता तर हेच झालं असतं, शिवाय सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागला असता तो वेगळाच. काही इंजिनांत काढून चालतं. ज्यांत बायपास बंद करायचं काम थर्मोस्टॅटकडेच आहे, त्यांत चालत नाही.

दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यात सोडले, बुडाला टेकणार नाहीत असे, आणि पाणी तापवलं. ८६-८७ ला दोन्ही हलायला लागले. उकळत्या पाण्यात जुना चांगला ७ मिलीमीटर उघडला. बाहेर काढून ठेवला तर मिनिटाभरात नीट मिटला. जुना कधी बिघडलेलाच नव्हता.

१ मार्च

या वेळी अस्सल थर्मोस्टॅट घेतला. विकत घेताना जुना सोबत नेला आणि उलटा करून चकती मोजली. नवी ओ-रिंग, कूलंट, हवा काढणं, एकूण दीड तास. आतल्या बोल्टला आता युनिव्हर्सल जॉइंट लावतो, दोन मिनिटांत निघतो.

चढ, बाहेर ३२ अंश: वर ९४, खाली ८४. माथ्यावर थांबून इंजिन चालू ठेवलं. चार मिनिटांनी पंखा लागला, थोड्या वेळाने आपोआप बंद झाला. त्याचीही परीक्षा झाली.

९ मार्च

आठवडाभर रोज चालवली. एकदा चार माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून तोच चढ चढलो. वर ९७. काटा मध्याच्या किंचित खाली, दिवे लावले तरी तिथेच. कूलंटची पातळी हललेली नाही.

हिशेब लावला तर सव्वा महिन्यात साधारण बावीस तास गेले. लागले असते ते साडेतीन: अर्थिंग चाळीस मिनिटं, बाकी रेडिएटर उतरवून धुऊन बसवायला.

प्रोब काढले. वरच्या होजचा तेवढा राहू दिलाय, वायर डॅशबोर्डखाली गुंडाळून. जुना थर्मोस्टॅट आणि जुना पंप खोक्यात आहेत. दोन्ही चांगले आहेत, वर तसं लिहून ठेवलंय.